समुद्राचे पथ्य

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक आले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. रक्तदाब पाहिला, गोळ्या लिहून दिल्या आणि नेहमीप्रमाणे आहाराविषयी चार गोष्टी सांगितल्या. तेल-तूप कमी करा, मटण महिन्यातून एखाद्या वेळी, पण मासे खात असाल तर आठवड्यातून दोन वेळा जरूर खा. तारली, बांगडा असे तेलकट मासे हृदयाला चांगले, फक्त तळून न खाता कालवण करून खा, असे मी म्हणालो. गुरुजी हसले. म्हणाले, ‘‘डॉक्टर, तुमच्या बाकीच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात. हे शेवटचे औषध मात्र बाजारात मिळत नाही. मिळाले तर परवडत नाही.’’

त्यांच्या मागे बाकावर एक मासे विकणाऱ्या मावशी बसल्या होत्या. गुडघेदुखीसाठी त्या माझ्याकडे येतात. त्यांनी लगेच सूर मिळवला. ‘‘गुरुजी बोलतात ते खरं आहे डॉक्टर. पाटी भरायला तास तास लिलावात उभं राहावं लागतं. आणि भरते ती पण अशी, बोटाएवढ्या पापलेटांनी.’’

मी सहज विचारले, ‘‘मग एवढी लहान पापलेटं आणता कशाला?’’

मावशी म्हणाल्या, ‘‘गिऱ्हाईक नेतं म्हणून आणते. मागच्या रविवारी तुम्हीच नाही का एक वाटा घेतलात?’’

वाचकहो, मी गप्प बसलो. खरोखरच मागच्या रविवारी मी तो वाटा घेतला होता. स्वस्त होता, तव्यावर एका वेळी सहा बसतात आणि मुलांना काट्याचा त्रास नाही, एवढाच विचार केला होता. सकाळी रुग्णाला मासे खायला सांगणारा डॉक्टर संध्याकाळी माशांची पिल्ले विकत घेतो, म्हणजे स्वतःच लिहिलेले औषध स्वतःच संपवतो. आजचा लेख या खजिलपणातून लिहीत आहे.

समुद्राचा आणि आरोग्याचा संबंध

आरोग्याच्या सदरात समुद्र कुठून आला, असे काही वाचकांना वाटेल. संबंध फार जवळचा आहे. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे निम्मा प्राणवायू समुद्रातील सूक्ष्म वनस्पती तयार करतात. माणसाच्या हालचालींमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साठते आहे, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला आहे. कोकणातल्या गरीब घरालाही उत्तम प्रथिने पुरवली ती समुद्रानेच. लहान मासा काट्यासकट चावून खाल्ला तर कॅल्शियमही मिळते.

औषधांच्या बाबतीतही समुद्राचे उपकार आहेत. १९५०च्या दशकात कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात काही वेगळी रसायने सापडली. त्यांच्या धर्तीवर पुढे सायटाराबिन हे औषध तयार झाले. रक्ताच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत ते आजही वापरले जाते. समुद्राच्या तळाशी असलेल्या एका साध्या जिवाने किती घरांतले दिवे विझू दिले नाहीत, याचा हिशेब कोणी करायचा?

पण समुद्राचा एक नियम आहे. आपण त्याला जे देतो, ते तो कधी ना कधी परत करतो. जपानमधील मिनामाटा या किनारी गावाची कहाणी वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवली जाते, ती सर्वांनीच ऐकावी अशी आहे. तेथील एका रसायन कारखान्याचे पाऱ्याचा अंश असलेले सांडपाणी वर्षानुवर्षे उपसागरात सोडले जात होते. पारा सूक्ष्म जिवांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत आणि तेथून ताटात आला. प्रथम गावातील मांजरे झोकांड्या खात मरू लागली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, दृष्टी गेली, वाचा गेली. आईला फारसा त्रास नसतानाही पोटातले मूल मेंदूच्या विकारासह जन्मले. १९५६ साली या आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याचे सांडपाणी हेच कारण असल्याचे सरकारने मान्य करायला १९६८ साल उजाडले. मधली बारा वर्षे लोक मासे खात राहिले.

म्हणून समुद्राची काळजी म्हणजे केवळ निसर्गप्रेमी मंडळींची हौस नव्हे. तो आपल्या पथ्यपाण्याचा भाग आहे. रुग्णाला आपण पथ्य सांगतो, तसे समुद्रासाठी आपण स्वतः पाळायचे चार पथ्यांचे नियम आज सांगतो.

पहिले पथ्य : मापाचा आणि हंगामाचा मासा

मासा एकदा तरी अंडी घालू शकला, तरच पुढची पिढी जन्मते. त्याआधीच तो जाळ्यात आणि तव्यात गेला, तर मुद्दलच खाल्ल्यासारखे होते. शेतकरी बियाण्याची कणगी फोडून भाकरी करत नाही. आपण मासळीबाजारात नेमके तेच करतो.

महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले. त्याहून लहान मासे पकडू नयेत, विकू नयेत असा नियम आहे. पापलेटसाठी हे माप १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८० मिलिमीटर आणि सुरमईसाठी ३७० मिलिमीटर आहे. बाजारात कोणी पट्टी घेऊन जात नाही, म्हणून एक सोपी खूण सांगतो. खिशातले बॉलपेन साधारण १४ सेंटिमीटर असते. पापलेट त्याहून आखूड असेल तर हात लावू नये. शाळेच्या फूटपट्टीपेक्षा चार बोटे लांब नसेल, ती सुरमई नव्हे, सुरमईचे लेकरू समजावे. त्याच २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. मान द्यायचा आणि पिल्ले वाट्याने विकायची, हे शोभत नाही.

हंगामाचेही तसेच. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. पावसाळा हा अनेक जातींच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. आपल्या वाडवडिलांनी कायदा होण्यापूर्वीच हे ओळखले होते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय कोळी बांधव होडी लोटत नसत. त्या काळात घरोघरी सुकट, सोडे, सुके बोंबील यांवर भागत असे. आजही भागू शकेल. (रक्तदाब असलेल्यांनी मात्र खारवलेले मासे बेताने आणि चांगले धुऊन, भिजवून खावेत. मीठ त्यांना अपायकारक असते.) बंदीच्या महिन्यांत ‘ताजी सुरमई आली आहे’ असे कोणी सांगितले, तर कुठून आली, एवढा प्रश्न विचारावा. कित्येकदा ती बर्फातली असते आणि तीन महिन्यांची असते.

आणखी एक गोष्ट, विशेषतः गरोदर भगिनींसाठी. मोठा, दीर्घायुषी, दुसऱ्या माशांवर जगणारा मासा असेल तर त्याच्या मांसात पारा अधिक साठतो. म्हणूनच अनेक देशांत गरोदर स्त्रियांना शार्क जातीचे मासे टाळायला सांगतात. शार्क म्हणजे आपल्याकडची मुशी. याउलट तारली, बांगडा, मांदेली हे लहान जातीचे मासे थोड्या काळात वाढतात, त्यांत पारा कमी आणि हृदयाला हितकारक असे ओमेगा-३ स्निग्धाम्ल तारली-बांगड्यात भरपूर. येथे गैरसमज नको. लहान जातीचा पूर्ण वाढलेला मासा खावा, मोठ्या जातीचे पिल्लू खाऊ नये. पाहुणे आले की पापलेट, सुरमई आणि कोळंबी यांच्याच मागे सारे गाव धावते. ताटात बांगडा वाढल्याने यजमानाची प्रतिष्ठा कमी होत नाही. पाहुण्याचे आरोग्य मात्र सुधारते.

दुसरे पथ्य : हातात पिशवी

‘‘आमच्या घरी मासे शिजत नाहीत, मग आमचा काय संबंध?’’ असे म्हणणाऱ्या वाचकांसाठी हे पथ्य आहे. तुम्ही खेडला राहत असाल तर तुमची जगबुडी वाशिष्ठीला मिळते. चिपळूणला राहत असाल तर तुमची वाशिष्ठी दाभोळच्या खाडीत जाते. घाटावर राहणाऱ्यांनीही सुटका झाली असे समजू नये. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या दारातली गटार ही समुद्राची सुरुवात आहे.

गटारीत पडलेली प्लॅस्टिकची पिशवी कुजत नाही. ती नाला तुंबवते, तेथे डास होतात आणि मग हिवताप-डेंग्यूचे रुग्ण घेऊन तुम्ही माझ्याकडे येता. जुलै २००५च्या मुंबईच्या पुरात तुंबलेल्या गटारांचे खापर या पिशव्यांवरही फुटले होते. नाल्यातून सुटलेली पिशवी समुद्रात जाते. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिश वाटते आणि ते ती गिळते. मंडणगड तालुक्यात वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम २००२ सालापासून चालू आहे. तेथे जीव वाचवलेले पिल्लू समुद्रात जाऊन आपल्या बाजाराची पिशवी खाऊन मरावे, यासारखे दुर्दैव कोणते?

ऊन आणि लाटांनी प्लॅस्टिकचे तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान कणांना सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. ते माशांत, मिठात आणि पिण्याच्या पाण्यात सापडले आहेत. २०२२ साली नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी २२ रक्तदात्यांचे रक्त तपासले, तेव्हा १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिकचा अंश मिळाला. २०२४ साली इटलीतील डॉक्टरांनी मानेच्या रोहिणीतून काढलेल्या चरबीच्या थरातही प्लॅस्टिक दाखवून दिले. ज्यांच्यात ते होते, त्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळले. प्लॅस्टिकनेच हा आजार होतो, असे अजून सिद्ध झालेले नाही, त्यामुळे घाबरून मासे किंवा मीठ सोडू नये. परंतु जी वस्तू रक्तात असण्याचे काही कारण नाही ती तेथे सापडते, एवढे शहाण्या माणसाला पुरेसे आहे.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तू देशभर बंद झाल्या. तरीही भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी घेताना आपण ‘पिशवी दे’ म्हणतोच. कायदा कागदावर राहतो तो आपल्या या दोन शब्दांमुळे. आपले आजोबा बाजाराला निघताना खुंटीवरची कापडी पिशवी काखेत मारत. मासळीला वेगळा डबा असे. तेवढे केले तरी पुष्कळ झाले.

एक बारीक सूचना गृहिणींना. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. पिशवी भंगारवाला नेतो, पण तो नखाएवढा तुकडा मोरीतून थेट गटारीत जातो. घरटी रोज एक तुकडा धरला तर गावात वर्षाला किती होतील, याचे गणित मुलांना घालावे. तसेच निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून नदीत फेकू नये. कलशात टाकावे किंवा झाडाच्या मुळाशी घालावे. देवाची सेवा म्हणून वाहिलेली फुले माशाच्या गळ्याला फास होऊ नयेत.

तिसरे पथ्य : मोरीत काय ओततो?

मोरी ही कचऱ्याची पेटी नव्हे. वडे-भजी तळून उरलेले तेल मोरीत ओतले तर ते नळीत थिजते आणि पुढे पाण्यावर तवंग धरते. मुळात तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणे हृदयाला वाईट. म्हणून तळणासाठी बेताचेच तेल घ्यावे आणि उरलेले निकामी तेल जुन्या वर्तमानपत्रात टिपून कचऱ्यात टाकावे. (हे सदर कापून ठेवले असेल तर उरलेला अंक खुशाल वापरा.)

कपड्यांची पावडर मापाने घ्यावी. फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ, ही समजूत चुकीची आहे. अनेक पावडरींत फॉस्फेट असते. खाडीच्या संथ पाण्यात ते खतासारखे काम करते, शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. संडास धुण्याचे ॲसिडही रोज बाटलीभर लागत नाही.

औषधांविषयी तर मला हक्काने बोलता येईल. उरलेल्या गोळ्या आणि सिरप मोरीत किंवा संडासात टाकू नयेत (एखाद्या औषधाबाबत डॉक्टरांनी मुद्दाम तसे सांगितले असेल तरच). सांडपाण्यात गेलेल्या प्रतिजैविकांमुळे त्यांना दाद न देणारे जंतू वाढण्यास मदत होते. उद्या तेच जंतू जखमेत शिरले की महागातले इंजेक्शनही चालत नाही. म्हणून औषध लागेल तेवढेच घ्यावे, प्रतिजैविकाचा कोर्स अर्धवट सोडू नये, म्हणजे उरणारच नाही. तरीही उरले तर वापरलेल्या चहापत्तीत किंवा राखेत मिसळून, पाकिटात बंद करून कचऱ्याच्या गाडीत द्यावे. डायपर आणि सॅनिटरी पॅडही कागदात गुंडाळून कचऱ्यातच. संडासात मुळीच नाही.

चौथे पथ्य : तोंड उघडणे

आता एका प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. ‘‘मोठमोठे कारखाने घाण सोडतात, ट्रॉलर आणि पर्ससीनची जाळी समुद्र खरवडून काढतात, एलईडी दिव्यांवर बंदी असूनही रात्री समुद्रात दिवाळी असते, आणि तुम्ही आम्हाला दुधाच्या पिशवीचा कोपरा सांभाळायला सांगता?’’

प्रश्न रास्त आहे. नगरपालिकेने सांडपाणी शुद्ध न करता नदीत सोडले तर माझ्या अर्ध्या चमचा पावडरीने खाडी वाचणार नाही, हे मलाही कळते. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला केंद्र सरकारने २०१७ सालीच मनाई केली, पण अंमलबजावणी कमी पडते अशी छोट्या मच्छीमारांची तक्रार असते. लहान होडीवाल्याला वाकून नमस्कार करायला लावायचे आणि मोठ्या बोटीकडे काणाडोळा करायचा, हा न्याय नव्हे. ज्याचे पोट त्या पाटीवर आहे, त्या मावशींना दोष देणे तर मुळीच बरोबर नाही.

परंतु म्हणून घरातले पथ्य सोडायचे का? साथीच्या वेळी नळाचे पाणी शुद्ध करणे हे नगरपालिकेचे काम, म्हणून आपण घरात पाणी उकळायचे थांबवत नाही. दोन्ही करावे लागते. शिवाय जो स्वतः पथ्य पाळतो, त्याच्याच तक्रारीला वजन येते. हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन नगरसेवकाला नाल्याचा जाब विचारता येत नाही. तेव्हा चौथे पथ्य हेच की प्रश्न विचारा. आपल्या गावाचे सांडपाणी कुठे जाते? शुद्धीकरण होते का? मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे दोन प्रश्न विचारले, तर तीन निवडणुकांत फरक पडेल.

थोड्या माणसांनी काय होते, याचेही उदाहरण आहे. मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने आपल्या एका वृद्ध शेजाऱ्याबरोबर कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू शेकडो हात लागले. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले वाळूतून निघून समुद्राकडे चालत जाताना लोकांनी पाहिली. तेथे कचरा आजही येतो आणि तो उचलावाही लागतो. मधुमेहाची गोळी जशी रोज घ्यावी लागते, तसेच हे आहे.

आठ दिवसांनी दाखवायला या

माझ्यापुरते मी ठरवले आहे. या रविवारी बॉलपेन खिशात घालून बाजारात गेलो. मावशींच्या पाटीत पुन्हा लहान पापलेटे होती. मी ती बाजूला सारून बांगड्याचा वाटा मागितला आणि घरून नेलेला डबा पुढे केला. मावशी म्हणाल्या, ‘‘चार गिऱ्हाइकं अशी झाली ना डॉक्टर, की मी पण लिलावात ही पिल्लं घेणार नाही. खपत नसतील तर पकडील कोण?’’

अर्थशास्त्राच्या पुस्तकात जे दोनशे पानांत सांगितलेले असते, ते मावशींनी एका वाक्यात सांगितले. त्यांना चार गिऱ्हाइके हवी आहेत. एक मी झालो. गुरुजी दुसरे होतील, त्यांना मी बॉलपेनाची खूण सांगितली आहे. उरलेली दोन या सदराच्या वाचकांतून मिळाली नाहीत, तर इतकी वर्षे लिहून मी काय केले, असा प्रश्न मला स्वतःला विचारावा लागेल.

तेव्हा वाचकहो, औषधाची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचा. मापाचा मासा, कापडी पिशवी, स्वच्छ मोरी आणि उघडे तोंड. पथ्य आजपासून सुरू करा. आठ दिवसांनी त्रास वाटला तर दवाखान्यात जरूर या, तपासणी फी घेणार नाही.